टॅटरशॉलच्या चार फायरप्लेस

पूर्व इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात टॅटरशॉल नावाचा किल्ला आहे. किल्ला म्हणायचं एवढंच, नजरेत भरतो तो लाल विटांचा एक उंच बुरूज. त्यात चार मजल्यांवर चार दगडी फायरप्लेस, म्हणजे भिंतीत बांधलेल्या आगट्या, आहेत. त्यांच्या माथ्यावरच्या पट्टीत सोयऱ्याधायऱ्यांच्या घराण्यांची कुलचिन्हं असलेल्या ढाली कोरल्यात, आणि मधूनमधून एक थैली डोकावते. पैशांची थैली. बुरूज बांधणारा राल्फ क्रॉमवेल १४३३ ते १४४३ या काळात इंग्लंडच्या राजाचा खजिनदार होता (राजाचं डोकं उडवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल तो हा नव्हे, तो दोनशे वर्षांनी आला). थैलीच्या जोडीला त्याचं फ्रेंच ब्रीदवाक्य आहे, अर्थ साधारण असा: ‘माझा हक्क नाही काय?’ शेकायला आलेल्या पाहुण्यानं दुसरीकडे बघायचं तरी कुठं!

त्याआधी मोठ्या घरांतसुद्धा विस्तव दिवाणखान्याच्या मधोमध पेटायचा आणि धूर छपरातल्या झरोक्यातून जमेल तसा जायचा. केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट प्लेसमध्ये १३४१ सालच्या दालनात तशी अष्टकोनी आगटी आजही बघायला मिळते. भिंतीतली आगटी नॉर्मन किल्ल्यांत होतीच, पण मोठ्या दालनांतून मधला जाळ हटायला फार वेळ लागला. विस्तव भिंतीत गेल्यावर मात्र त्याला धुराडं आलं, माथा आला, आणि खोलीतल्या सगळ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे वळली. मिरवायला याहून चांगली जागा कुठली? पुढं सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, तिथं अलाबास्टर या मऊ दगडाच्या मूर्ती आल्या, अठराव्या शतकात इटालियन संगमरवर आला. सरकारचंही लक्ष गेलं. १६६२ पासून दर चुलीमागं वर्षाला दोन शिलिंग कर बसला. चुली मोजायला माणसं थेट घरात शिरत, त्यामुळं लोक या करावर जळत. १६८९ मध्ये तो रद्द झाला.

टॅटरशॉलचा बुरूज तोवर ओसाड पडायच्या वाटेवर होता. १९११ मध्ये तो विकला गेला आणि चारही फायरप्लेस भिंतीतून उचकटून काढल्या गेल्या. गिऱ्हाईक अमेरिकेत होतं. ज्या कोरीव कामानं खजिनदाराची ऐट दाखवली, त्याच कोरीव कामाला आता बाजारात भाव होता. विटांना कोण विचारतो?

इथं जो माणूस मध्ये पडला त्याचं नाव मराठी वाचकाला सांगायला नको: लॉर्ड कर्झन. आपल्याकडे तो वंगभंगाचा व्हाइसरॉय म्हणूनच ठाऊक, आणि ते योग्यच आहे. पण याच कर्झननं हिंदुस्थानात पुरातत्त्व खात्यात जीव ओतला, १९०२ मध्ये जॉन मार्शलना त्याचं प्रमुख केलं आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा आणला. मायदेशी परतल्यावर त्याला दिसलं की तिथला १८८२ चा कायदा बराचसा मालकाच्या मर्जीवर चालतो. प्रागैतिहासिक दगडांना त्यात थोडाफार आसरा होता, पण मालकानं आपला बुरूज पाडायचं ठरवलं तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कर्झननं किल्लाच विकत घेतला. फायरप्लेसचा माग काढला, त्या लंडनमध्ये सापडल्या, आणि १९१२ मध्ये गावातून मिरवत आपापल्या मजल्यावर परत बसल्या. या प्रकरणाचा गवगवा एवढा झाला की १९१३ मध्ये ब्रिटिश संसदेनं नवा कायदा केला. धोक्यात आलेली वास्तू पाडायला किंवा तिची मोडतोड करायला मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मालकाचा हात धरणारा कायदा हिंदुस्थानात आधी आला आणि इंग्लंडात नंतर. १९२५ मध्ये कर्झन वारला, तेव्हा मृत्युपत्रानं टॅटरशॉल नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेला.

कायद्यात एक मोठं भोक मात्र राहिलं होतं: माणसं राहत असलेली घरं त्यातून वगळली होती. आपल्या घरात सरकारनं नाक खुपसावं हे इंग्रज जमीनदाराला रुचणारं नव्हतं. परिणामी पहिल्या महायुद्धानंतर, कर भरता भरता मेटाकुटीला आलेल्या घराण्यांच्या वाड्यांतून फायरप्लेस, भिंतींवरचं लाकडी आच्छादन, कधी अख्खी खोलीच्या खोली अमेरिकेला जात राहिली. लँकशायरमधला एजक्रॉफ्ट हॉल हा वाडा तर १९२६ मध्ये सुटा करून व्हर्जिनियात नेला आणि तिथं पुन्हा उभारला. हे भोक बुजायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. १९४७ च्या नगररचना कायद्यानं ऐतिहासिक घरांच्या याद्यांना बळ दिलं. आज यादीतल्या घरात भिंतीत बसवलेली फायरप्लेस ही घराचाच भाग धरली जाते, आणि ती परवानगीशिवाय काढली तर मालकावरही खटला होतो.