प्राध्यापकांचं मानसिक आरोग्य आणि कोचिंग : पार्श्वभूमी

कोचिंग (क्लासचं नव्हे, कामातल्या-मनातल्या अडचणींवर कोचशी बोलून वाट काढणं), बर्नआउट (कामाने पार थकून जाणं), वेलबीइंग हे शब्द आता सीनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्येही ऐकू येतात, एफडीपीच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाच्या, वेळापत्रकात स्ट्रेस मॅनेजमेंटचं एखादं सेशन असतंच. पण शिकवणाऱ्या माणसाच्या मनाची काळजी घ्यायची म्हणून वेगळी व्यवस्था आपल्याकडे उभीच राहिली नाही. जे झालं ते एकतर प्रशिक्षणाच्या नावाने झालं नाहीतर विद्यार्थ्यांच्या नावाने, आणि आज लोक स्वतःच्या खिशातून कोच का शोधतात याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठांमध्ये प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी स्टाफ कॉलेजं निघाली, ओरिएंटेशन-रिफ्रेशर कोर्स सुरू झाले. तीन-चार आठवडे घरापासून लांब, वेगवेगळ्या गावची समदुःखी माणसं एकत्र, त्यामुळे मन मोकळं व्हायचं ते लेक्चर संपल्यावर. पण सर्टिफिकेट प्रमोशनला जोडलेलं होतं, म्हणून कोर्सकडे बघितलं गेलं ते फाईलला लावायचा कागद म्हणूनच.

नेट-सेट म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, तिच्या प्रकरणाबद्दल फक्त एवढंच सांगतो की १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे ती परीक्षा पास नसलेल्या, लोकांच्या सेवा नियमित करायचा जीआर निघाला तो २७ जून २०१३ ला, आणि तोही जीआरच्या तारखेपासून लागू. काहींनी वीस-बावीस वर्षं अशी टांगती काढली, आणि त्या काळात त्यांच्या मनाचं काय झालं हे कुठल्याही कागदावर आलेलं नाही.

पण मनःस्थिती खरी बदलली ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१० च्या एपीआयने, म्हणजे प्रमोशनसाठी कामाला पॉइंट देण्याच्या पद्धतीने. कामाचे तीन भाग पाडले: शिकवणं, कॉलेजमधली इतर कामं, आणि संशोधन. पहिल्यात जास्तीत जास्त १२५, दुसऱ्यात ५०, तिसऱ्याला सुरुवातीला वरची मर्यादाच नाही. रेफरीड (तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणाऱ्या) जर्नलमधल्या पेपरला १५ पॉइंट, नुसता आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) असलेल्या बऱ्या जर्नलला १०, पेपर दोघा-तिघांचा असेल तर पॉइंटची वाटणी, म्हणजे पहिलं नाव कुणाचं यावरून वर्षानुवर्षांच्या मैत्रीत कटुता आली. बाजू मांडणारे म्हणायचे की आधी प्रमोशन मर्जीवर व्हायचं, आता निदान आकडा तरी आहे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, गटबाजीत अडकलेल्या कित्येकांना या आकड्याचा आधार वाटला. पण तालुक्याच्या गावी आठवड्याला १६ तास घेणारा, वर परीक्षा, इलेक्शन ड्युटी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली बघणारा माणूस, जिथे लायब्ररीत एक धड जर्नल येत नाही, त्याच्याकडूनही संशोधनाचे पॉइंट मागितले गेले. मग पैसे घेऊन पेपर छापणारी जर्नलं आली. लोकांनी पैसे भरले, कारण कॅस कॅम्पची, म्हणजे प्रमोशनच्या छाननीची, तारीख जवळ होती.

२०१६ च्या मे महिन्यात शिकवण्याच्या तासांचा भार वाढवायची दुरुस्ती आली, विरोध झाला, जुलैत ती मागे घेतली गेली. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीच्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढली. त्याआधी छापलेले पेपर ग्राह्य धरले गेले हे खरं, पण ज्या जर्नलचं नाव बायोडेटात अभिमानाने लिहिलं तेच काढून टाकल्यावर माणसाला काय वाटत असेल याचा विचार कुणी केला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये कॉलेजच्या शिक्षकांच्या प्रमोशनसाठी एपीआय गेला, नेमून दिलेल्यापैकी किती तास घेतले याच्या टक्केवारीवर श्रेणी आली. आठ वर्षं जे लोक त्या गणितापायी झोप घालवून बसले होते त्यांना ‘यात काय चुकलं’ असं विचारायलासुद्धा कुणी आलं नाही! हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो.

२०१८ मध्येच २६ देशांतल्या रिसर्च करणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास गाजला, त्यात ३९ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र डिप्रेशन दिसलं. सहभागी लोक आपणहून आलेले होते, त्यामुळे आकडा जपूनच वापरायला हवा, पण त्यानंतर जगभर हा विषय उघडपणे बोलला जायला लागला. परदेशात तोवर प्राध्यापकांसाठी लेखनाचे गट, मेंटॉर, पैसे देऊन घेतलेले कोच हे रुळत आलं होतं. आपल्याकडे लॉकडाऊनमध्ये सगळं झूमवर आलं तेव्हा ही मंडळी अनेकांना पहिल्यांदा सापडली, आणि खूप जणांना त्याचा फायदाही झाला.

सरकारी पातळीवर २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम आला, त्यात शिक्षकांचा उल्लेख आहे पण रोख विद्यार्थ्यांवरच. जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेला समुपदेशक बंधनकारक झाला, आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, कशाचं तर विद्यार्थ्यांमधली ताणाची लक्षणं ओळखायचं. ते हवंच आहे, पण लक्षणं ओळखणाऱ्याचं स्वतःचं काय, ते त्यात नाही.

सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे, तर या सगळ्याच्या बाहेर. कंत्राटी जागा १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असा नियम २०१० पासून होता, २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० अशी शिफारसही झाली. प्रत्यक्षात पगार तासावर, सुट्टीत काहीच नाही, आणि नेट-सेट-पीएचडी असूनही वयाची चाळिशी यातच जाते. या लोकांनी कोचची फी कुठून भरायची? त्यांच्यासाठी आज फुकट, मराठीत आणि चोवीस तास असलेली सोय म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६.