ईसीजी नॉर्मल आला, पण त्याची बोटं आखडली होती ना

मागच्या पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमाराला चुलतभावाला सांगलीहून मिरजेला कॅज्युअल्टीत नेला. वय 29, हळदीच्या अडतीवर कामाला, जेवता जेवता छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, श्वास पुरेना, "दादा, मी जातोय बघ" एवढंच चाललेलं. तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीचा झटका होता, हे नंतर कळलं. मला जास्त भीती वाटली ती त्याच्या हातांची, दोन्ही हातांची बोटं चिमटीत कुंकू धरावं तशी जुळून आखडलेली, सुटता सुटेनात.

बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन 99! म्हणजे ऑक्सिजन भरपूर होता, कमी झाला होता कार्बन डायऑक्साइड. घाबरून भराभर श्वास घेतला की तो नको इतका बाहेर पडतो, रक्ताचा आम्लपणा घटतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा बिथरतात, म्हणून ओठांभोवती मुंग्या आणि बोटं आखडणं. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, त्यानं गरगरतं. हे नाटक नाही हो, शरीरात खरंच घडत असतं. पॅनिक अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग हळूहळू ओसरतो.

पण घाम, धडधड, मरणाची भीती हार्ट अटॅकमध्येही असते, त्यामुळं "टेन्शन घेतलंय" असं घरी बसून ठरवू नका, 108 ला फोन करा. डॉक्टर आधी ईसीजी काढतात, शुगर बघतात, गरज वाटली तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करतात आणि काही तासांनी परत करतात, कारण सुरवातीला ती नॉर्मल येऊ शकते. दमा, थायरॉइड, फुप्फुसातली गुठळी हेही बघावं लागतं. तोंडाला कागदी पिशवी तर अजिबात लावू नका, दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर जिवावर बेतेल.

त्या रात्रीच्या डॉक्टरीणबाई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या, "घेतलास त्यापेक्षा सावकाश सोड" म्हणत श्वास मोजत राहिल्या, वीसेक मिनिटांत बोटं सुटली. त्याआधी दोनदा दुसरीकडं "काही झालं नाही" म्हणून घरी पाठवलेलं, आणि तो सांगलीच्या आयर्विन पुलावरून गाडी न्यायलाही घाबरायला लागला होता. पुढच्या अटॅकची ही धास्तीच माणसाला घरात कोंडते. यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे. डिस्चार्ज घेताना रिपोर्टची फाइल हातात आली तरी लगेच निघू नका, मानसोपचारतज्ज्ञांना कधी दाखवायचं ते तिथंच विचारून घ्या.