पाण्याचा अणू असतो का?

सहामाहीचे पेपर तपासत होतो. आठवीचा वर्ग, विषय विज्ञान. 'पाण्याचा सर्वांत लहान कण कोणता?' या प्रश्नाला एका मुलीनं उत्तर लिहिलं होतं, 'पाण्याचा अणू'. मी सवयीनं लाल रेघ ओढली, शेजारी 'रेणू' लिहिलं आणि गुण कापून पुढच्या पेपराकडे वळलो.

पेपर वाटले त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती दारात उभी. हातात कन्नड माध्यमात शिकणाऱ्या चुलत भावाचं पुस्तक, पानात बोट घातलेलं. "सर, ह्यात बघा की ओ. नीरिन अणु. पाण्याचा अणूच म्हटलंय!" नीर म्हणजे पाणी हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. अडचण होती ती अणूची.

मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा मूळ कण. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू जोडले गेले की पाण्याचा रेणू होतो. कन्नडात पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. हिंदीतही तसंच. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं, एक मराठी शाळेत, एक कन्नड शाळेत. दोघांच्या दप्तरात तोच शब्द, अर्थ मात्र वेगवेगळे. मुलीचं उत्तर मराठीत चूक होतं आणि तिच्या चुलत भावानं तेच लिहिलं असतं तर त्याला पूर्ण गुण.

शब्द दोन्हीकडचे जुनेच. कणादांच्या वैशेषिक दर्शनात सर्वांत लहान कण परमाणू, दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. आणि हे त्र्यणुक म्हणजे झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो धुळीचा कण. रेणू या शब्दाचा मूळ अर्थही धूळच. अणुरेणू ही जोडी मराठी माणसाच्या कानावर कीर्तनातून लहानपणीच पडलेली असते. (कणादांनी अणुबॉम्ब शोधला होता, असे निरोप मोबाइलवर फिरत असतात, तो प्रकार वेगळा. तर्कानं कण मानणं ही एक गोष्ट आणि डाल्टननं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणूंची तुलनात्मक वजनं मांडली ही दुसरी.) तिरिपेतल्या त्या धुळीच्या कणात मात्र कोट्यवधींनी अणू मावतात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथला एक थेंब घेतला, ०.०५ मिलिलिटरचा. एक कोटीला एक कोटीनं गुणा, येईल त्याला पुन्हा एक कोटीनं गुणा. थेंबातले पाण्याचे रेणू त्या आकड्याच्याही दीडपटीहून जास्त भरतात.

मुलीचा गुण परत दिला. पण आणखी कुठे कुठे शब्दांनी घर बदललंय याची मला रुखरुख लागली आणि त्या पुस्तकाची पानं उलटत बसलो. पुढचा धक्का मोठा होता. कन्नडात मूलद्रव्याला धातु म्हणतात. 'आम्लजनक ओंदु धातु' हे वाक्य मराठी कानानं ऐका: ऑक्सिजन हा एक धातू आहे! मुलांची हसून पुरेवाट होते. तिकडे मात्र ते सरळ, निर्विवाद सत्य: ऑक्सिजन हे एक मूलद्रव्य आहे. मग आपल्या धातूला कन्नडात काय? लोह. आणि आपल्या लोहाला? कब्बिण. तेव्हा तांबं लोह, सोनं लोह, अॅल्युमिनियमही लोह.

आम्लजनक या शब्दात तर एक जुनी चूक जपून ठेवली आहे. आम्लजनक म्हणजे आम्ल निर्माण करणारा. ऑक्सिजन या नावाचाही अर्थ तोच. ते नाव लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. पुढे हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नाही. समजूत गेली, नाव राहिलं. मराठीतला प्राणवायू या बाबतीत सुरक्षित, निदान आम्लाबद्दल तरी तो काही बोलत नाही.

आमच्याकडे निम्म्या वर्गाचे वडील किंवा काका उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नाहीतर मशिनशॉपमध्ये. त्यामुळे लोखंडावर बोलायला लागलं की हात वर होतात. एका मुलानं मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा तक्ता वरून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "सर, बीड कुठल्या घरात?" प्रश्न सुरेख होता. बिडाचा तवा घरात, बिडाचं कास्टिंग कारखान्यात, तक्त्यात मात्र बीड नाही. कारण ते एकट्याचं नाव नाही. लोखंडात साधारण दोन ते चार टक्के कार्बन मिसळलेला असतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, बीड साधारण ११५० ते १२०० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. घन लोखंडात अणू ओळीनं, दाटीवाटीनं रचलेले असतात. त्या रचनेत कार्बनच्या अणूंना जागा मिळणं अवघड. द्रवात मात्र ते सहज सामावतात. म्हणून कार्बन असला की लोखंडाला द्रव होणं सोपं जातं. "पप्पा सांगतात, बिडावर घण घातला की तुकडा पडतो," तो म्हणाला. खरं आहे, साध्या बिडात बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि तडा त्या पापुद्र्यांवरूनच धावतो.

शब्द असे घसरतात तेव्हा मुलांना धरायला काहीतरी पक्कं लागतं. मी त्यांना आकडा धरायला सांगतो. लोखंड म्हणा, कब्बिण म्हणा, त्याच्या अणूच्या केंद्रात २६ प्रोटॉन. पंचवीसही नाहीत, सत्तावीसही नाहीत. एक प्रोटॉन इकडचा तिकडे झाला की ते लोखंडच राहत नाही.

पण हा आकडा मेंडेलीव्हकडे नव्हता, हे मुलांना सांगितल्याशिवाय गोष्टीत मजा येत नाही. १८६९ साली त्यानं सारणी मांडली तेव्हा साठेक मूलद्रव्यं माहीत होती आणि त्यानं ती अणुभारानुसार लावली. वर्गात उंचीनं रांग लावतात तशी. टेल्युरियम आणि आयोडीनपाशी मात्र रांग बिघडली. टेल्युरियमचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९, वजनानं आयोडीन आधी यायला हवं. पण गुणधर्म बघितले तर आयोडीनची जागा क्लोरीन-ब्रोमीनखालीच. मेंडेलीव्हनं वजन बाजूला ठेवून गुणधर्मांचं ऐकलं आणि टेल्युरियमचं वजनच चुकीचं मोजलं असणार, असा ठपका ठेवला. जागा त्यानं बरोबर दिली, कारण चुकीचं सांगितलं. १९१३ मध्ये हेन्री मोसली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि रांग उंचीची नाही, हजेरी नंबरची आहे हे दाखवून दिलं. हजेरी नंबर म्हणजे प्रोटॉनांचा आकडा: टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. वजनाची भानगडच मिटली. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, मोसली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७.

मेंडेलीव्हची खरी छाती दिसते ती रिकाम्या घरांत. अॅल्युमिनियमच्या खालचं घर त्यानं मोकळं सोडलं आणि तिथं येणाऱ्या पाहुण्याचं नावही ठेवलं, एक-अॅल्युमिनियम. हे 'एक' आपलंच, संस्कृतातलं. अणुभार ६८ च्या आसपास, घनता ५.९, हे सगळं १८७१ मध्ये लिहून मोकळा. १८७५ साली फ्रान्समध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँला ते मूलद्रव्य सापडलं, त्यानं गॅलियम नाव ठेवलं आणि घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हनं कळवलं, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ भरली. ज्यानं तो धातू डोळ्यांनी बघितला नव्हता, त्यानं तो हातात घेतलेल्याची चूक काढली.

ही गोष्ट बेळगावात सांगायला मला विशेष आवडते. खानापूर, जांबोटीकडे जाताना रस्त्याच्या कडेला जांभा दगड दिसतो तो पावसाचीच करणी. हजारो-लाखो वर्षं पाऊस झिरपत राहिला, विरघळणारं वाहून गेलं, मागे लोखंड आणि अॅल्युमिनियम राहिलं. लाल रंग लोखंडाचा. अॅल्युमिनियमचं प्रमाण भरपूर असलं की तोच दगड बॉक्साइट. शहराच्या यमनापूर भागात अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, कारखाना आहे, ज्याला जुनी माणसं अजून इंडालच म्हणतात. बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवायचा. अॅल्युमिनियम द्रावणात उतरतं, लोखंड लाल चिखलात मागे राहतं. द्रावण थंड करून त्यातून पांढरा साका खाली बसवायचा आणि तो भाजून अॅल्युमिनाचं पीठ काढायचं. १८८८ च्या सुमाराची बायर या रसायनशास्त्रज्ञाची रीत, आजही तीच चालते.

तक्त्यावर अॅल्युमिनियमच्या १३ खाली गॅलियमचा ३१ दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आकडा उलटा केलाय की!" योगायोग आहे, पण लक्षात राहायला बरा. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. एप्रिलच्या दुपारी ते आमच्या वर्गात टेबलावरच पातळ होईल, डिसेंबरात तळहातावर धरावं लागेल.

"मग सर, ते इंडालमधल्या दगडात असतंय काय?" हा प्रश्न पेपर घेऊन आलेल्या त्याच मुलीचा. असतं. दोघं एकाच कुळातले, म्हणून दगडातही अॅल्युमिनियमच्या जागी अधूनमधून गॅलियमचा अणू बसलेला असतो. बॉक्साइटच्या टनामागे साधारण ५० ग्रॅम. कॉस्टिक सोड्यात तोही अॅल्युमिनियमबरोबर उतरतो. जगातलं बहुतेक सगळं गॅलियम बॉक्साइट शिजवलेल्या अशाच द्रावणातून काढलं जातं आणि त्याचे अणू एलईडी दिव्यांत, मोबाइलच्या चिपांत जाऊन बसतात. तिनं वहीत लिहून घेतलं, 'गॅलियमचा अणू'. मग थांबली, खोडलं नाही, शेजारी बारीक अक्षरात 'कन्नडात परमाणु' लिहिलं आणि पुढे गेली.