चौसष्ट मीटरचा हिशेब

भांडुपहून पवईला मी सायकलनं जाते. अंतर सहा किलोमीटर. एलबीएसवरून (लाल बहादूर शास्त्री मार्ग) गांधीनगर जंक्शन, तिथून उजवीकडे वळलं की जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) चढ, मग ऑफिस. पहिले काही महिने ऑफिसातले लोक काळजीनं विचारायचे, "स्कूटर बिघडली का?" मुंबईत बाईमाणसानं, तेही हेल्मेट घालून, सायकल चालवायची म्हणजे एक तर हौस, नाही तर अडचण. तिसरं कारण लोकांना सुचत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकलेली असल्यामुळे रस्त्यात हिशेब करायची वाईट खोड आहे. त्यातला एक हिशेब इतका मनात बसला की आता सायकलींच्या सोयीसाठी महापालिकेला लिहिलेल्या प्रत्येक अर्जात तो घुसतो.

सपाट रस्त्यावर सायकलला दोन गोष्टी मागे ओढतात. एक, टायर रस्त्यावर दाबला जाऊन पुन्हा फुगतो, त्यात थोडी ऊर्जा वाया जाते. दुसरी, हवा. माझं, सायकलचं, डब्याचं आणि लॅपटॉपचं मिळून वजन ८५ किलो धरा. ताशी १५ किलोमीटरनं जाताना टायरचा विरोध साधारण ६ न्यूटन (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं माप), हवेचाही जवळपास तेवढाच. म्हणजे पायांना जेमतेम ५० वॉट द्यावे लागतात. छतावरच्या साध्या पंख्यालाही याहून जास्त लागतात! एका माणसाला हलवण्याची इतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही. वेग वाढवला की मात्र हवा वसूल करते. तिचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्या विरोधासाठी लागणारी शक्ती घनानं. ताशी ३० ला टायर धरून तेच काम २४० वॉटच्या आसपास जातं, म्हणून ते शर्यतवाले हँडलवर आडवे झालेले दिसतात. आपल्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. आपल्याला वेळेत पंच करायचं असतं.

आता थांबण्याचं बघू. ताशी १५ नं जाणाऱ्या माझ्या ८५ किलोंमध्ये साधारण ७४० ज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती रिमच्या आणि रबराच्या उष्णतेत गेली. पुन्हा त्या वेगाला यायचं तर ७४० ज्यूल नव्यानं मांडीतून काढायचे. तेवढ्याच ऊर्जेत मी न थांबता किती पुढे गेले असते? ७४० भागिले टायर आणि हवेचा मिळून साडेअकरा न्यूटन विरोध, उत्तर चौसष्ट मीटर. म्हणजे एक थांबा म्हणजे रस्ता चौसष्ट मीटरनं लांबला. मोटारवाल्याला याचा पत्ता नसतो, त्याचा फक्त उजवा पाय थोडा खाली जातो.

एका मंगळवारी सकाळी मला किती वेळा पूर्ण थांबावं लागलं ते मी मोजलं. सिग्नल, दुहेरी लावलेला टेम्पो, अचानक उघडलेलं दार, वळणारी रिक्षा, मेट्रोच्या कामाभोवतीच्या पत्र्यांमुळे आवळलेला रस्ता, सगळं धरून ३१ वेळा. एकतीस गुणिले चौसष्ट, जवळपास दोन किलोमीटर. माझा सहा किलोमीटरचा रस्ता पायांच्या लेखी आठ किलोमीटरचा आहे.

यावरून आपल्याकडचे सायकल ट्रॅक ओस का पडतात तेही कळतं. दर पन्नास-साठ मीटरवर सोसायटीचं गेट, प्रत्येक गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो, पुन्हा वर चढतो, मध्ये विजेचा खांब, त्यापुढे कोणाची तरी मोटार. अशा ट्रॅकवर मेहनत दुप्पट होते. शेजारच्या डांबरी रस्त्यावर जीव मुठीत धरून का होईना, सलग जाता येतं. मग सायकलवाला रस्त्यावर जातो आणि लोक म्हणतात, बघा, ट्रॅक बांधून दिला तरी वापरत नाहीत. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एमएमआरडीएनं, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, साधारण पंधरा वर्षांपूर्वी ट्रॅक केला. पेव्हर ब्लॉकचा. त्यावर सायकलींपेक्षा मोटारीच जास्त उभ्या राहिल्या आणि २०२५ मध्ये तो काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. पेव्हर ब्लॉक तर सायकलवाल्यानं बघून निवडलेलेच नसणार. प्रत्येक सांध्यावरचा धक्का टायर, सीट आणि शेवटी आपली मणक्याची हाडं पचवतात, आणि ती ऊर्जाही पेडलमधूनच आलेली असते. डनलॉपनं १८८८ मध्ये हवा भरलेला टायर आणला तो याच दुखण्यावर. आपण उलट्या बाजूनं रस्ता पुन्हा दगडी करतोय.

चढाची गोष्ट वेगळी. गांधीनगरहून वर निघालं की वेग ताशी आठ-नऊवर येतो. चार टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला चार मीटर, एवढ्या कूर्मगतीलाही १०० वॉट लागतात, सपाटीच्या दुप्पट. पण खरी भीती दमण्याची नसते, डुलण्याची असते.

चालती सायकल पडत का नाही, याचं उत्तर शाळेत "चाकांच्या जायरोस्कोपमुळे" असं मिळायचं, म्हणजे फिरतं चाक भोवऱ्यासारखं कलायला विरोध करतं म्हणून. २०११ मध्ये डेल्फ्ट, कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो परिणाम रद्द करणारी एक चमत्कारिक सायकल बनवली, तर तीही स्वारावाचून तोल सांभाळत गेली. तोल सांभाळण्यात खरं काम पुढच्या चाकाचं: सायकल ज्या बाजूला कलते तिकडे ते वळतं आणि सायकल पुन्हा स्वतःच्या चाकांवर येते. हे वळणं पुरेशा वेगात जेमतेम दिसतं. वेग कमी झाला की तेवढाच तोल सावरायला हँडल जास्त फिरवावं लागतं, म्हणून चढावर प्रत्येक जण नागमोडी जातो. नवशिकाही आणि चाळीस वर्षं दूध घालणारा भैयाही. म्हणजे सायकलला सर्वात जास्त रुंदी चढावर लागते. आणि आपल्या उड्डाणपुलांच्या चढावर नेमकी डावी कड सर्वात अरुंद, मागून येणाऱ्या गाड्या सर्वात जोरात. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. नकाशा काढणाऱ्यानं तिथून सायकल जाईल अशी कल्पनाच केली नव्हती, एवढंच.

वेगाबद्दल बोलायचं तर एकच उदाहरण देते. समोर मूल आलं. चालकाला कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो असं धरू, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ताशी ३० नं येणारी गाडी साधारण १३ मीटरवर पूर्ण थांबते. ताशी ५० नं येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर गेलेली असते. म्हणजे जिथे पहिली गाडी उभी आहे, तिथून दुसरी ब्रेक न लागता पन्नासच्याच वेगानं जाते. जिथे पायी, सायकली आणि गाड्या एकत्र असतात तिथे मर्यादा ३० असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलंय ते उगाच नाही. नेदरलँड्सचं नाव काढलं की "त्यांची संस्कृतीच वेगळी" असं ऐकायला मिळतं. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यानंतर तिथले रस्ते बदलू लागले.

घाम. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, तेव्हा टाळत नाही. स्नायू खाल्लेल्यातला फार तर पाव हिस्सा पेडलला देतात, बाकीची उष्णता. माझ्या ५० वॉटमागे दीडशे ते दोनशे वॉट अंगातून बाहेर काढावे लागतात. पंचवीस मिनिटांत त्यासाठी शंभर-सव्वाशे मिलिलिटर घाम वाळावा लागतो, अर्धा पेला म्हणा. वाळावा हे महत्त्वाचं. निथळून गेलेला घाम काही थंड करत नाही. सायकल चालती असताना ताशी पंधराचा वारा फुकट मिळतो, मे महिन्यातल्या दमट हवेतही तो बरंच काम करतो. सिग्नलला थांबलं की वारा बंद, उष्णता मात्र चालूच, आणि मानेवरून धारा. थांबे कमी झाले तर शर्टही कमी भिजेल. पुन्हा तोच चौसष्ट मीटरचा हिशेब, फक्त पाठीवर. (बॅटरीची मदत घेणारी सायकल २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ च्या आत असेल, तर तिला लायसन्स-नोंदणी लागत नाही. पवईच्या चढासाठी माझा डोळा तिच्यावर आहे.)

धुराचंही सांगते. पेडल मारताना आपण जास्त हवा ओढतो, त्यामुळे धूरही जास्त. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये व्यायामाचा फायदा आणि धुराचा तोटा एकाच तराजूत घातला, तेव्हा दिल्लीसारख्या हवेतही आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकलचं पारडं जड राहिलं. माझे आठवड्याचे चार तास होतात. शिवाय अगदी बारीक कण गाड्यांपासून काही मीटर दूर गेलं की झपाट्यानं विरळ होतात. सायलेन्सरच्या मागे आणि झाडाच्या रांगेपलीकडे, यात बराच फरक असतो.

पण हे सगळं माझ्यासारख्या घर ते ऑफिस सायकल मारणाऱ्यांपुरतं झालं. मुंबईचा खरा हिशेब लोकलशी आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेनं वाढलं. माणूस दहा मिनिटांत चालत आठशे मीटर जातो, सायकलनं अडीच किलोमीटर. त्रिज्या तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणून स्टेशनला नऊपट माणसं जोडली जातात, असं परदेशी पुस्तकांतून सांगतात. मुंबईत हे गणित जसंच्या तसं लावलं तर फसतं. आपली स्टेशनं दीड-दोन किलोमीटरवर आहेत, भांडुपचं वर्तुळ कांजूरच्या वर्तुळात घुसतं. इथे वर्तुळं नाहीत, रुळांच्या दोन्ही अंगांचा पट्टा आहे, आणि तो तिप्पट रुंद होतो. नऊ नाही, तीन. तरीही तीन पुष्कळ झाले. त्या पट्ट्यातली माणसं आज शेअर रिक्षाच्या रांगेत असतात.

मेट्रो २अ आणि ७ च्या डब्यात सायकल नेता येते, हे चांगलंच आहे. पण गर्दीच्या लोकलमध्ये सायकल चढवायचं स्वप्न कोणी बघू नये. त्यापेक्षा सायकल स्टेशनाबाहेर सुखरूप राहायला हवी. एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर जागा लागते, तेवढ्यात दहा सायकली उभ्या राहतात. मी एका स्टेशनाबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये गेले, तर तिथल्या मुलानं सायकल घ्यायलाच नकार दिला. "पावतीच नाही ना तिची," म्हणाला. त्याचं खरं होतं. पावतीपुस्तकात दुचाकी, तीनचाकी, चारचाकी होत्या. सायकल दुचाकीत बसत नाही म्हणे.

मोजमापाचं मूळ आणखी खोल आहे. आपले रस्ते अभियंते वाहतूक मोजतात ती 'पॅसेंजर कार युनिट'मध्ये, म्हणजे मोटार हेच माप. त्यात सायकल अर्ध्या मोटारीइतकी, साठ माणसं भरलेली बेस्टची बस दोन-तीन मोटारींइतकी. एकटा माणूस बसलेली मोटार मात्र पुरती एक. या मापानं रस्त्यावर अडथळे किती ते कळतं, माणसं किती गेली ते कळत नाही.

तानसा जलवाहिनीच्या कडेनं मुलुंड ते सायन ३९ किलोमीटरचा 'हरित वारी, जलतीरी' हा मार्ग आखला गेला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मोठी जलवाहिनी शक्यतो चढउतार टाळत जाते, आणि सायकलवाल्याच्या मांडीलाही तेच हवं असतं. पण असा मार्ग सलग झाला तरच उपयोगाचा. तुकड्यातुकड्यांनी तो सकाळी फिरायला येणाऱ्यांचा होतो. पवई तलावाकाठचा ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला, तेव्हा सायकलवाली असूनही मला वाईट वाटलं नाही. तलावाच्या पाणथळ जागेत भराव घालून मला तलाव बघायला न्यायची गरज नव्हती. मला स्टेशनला जायचंय.

वॉर्ड ऑफिसमध्ये अर्ज घेऊन गेले, तेव्हा साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण इथे सायकल चालवतं कोण?" प्रश्न वाजवी होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला नाक्यावर जाऊन उभी राहिले. पाववाले, कॅरिअरला पेपरचे गठ्ठे बांधलेले, चहाच्या किटल्यांवाले, इडलीवाला अण्णा पों पों करत, आणि रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, त्यांची तर रांगच. साहेब घरून निघेपर्यंत हे सगळे आपापल्या ठिकाणी पोचलेले असतात. स्टेशनाच्या कठड्याला, जिथे कसलीही सोय नाही, साखळीनं बांधलेल्या २३ सायकली मोजल्या. फोटो काढला, अर्जाला जोडला.

त्यातली एक आमच्याच इमारतीच्या वॉचमनकाकांची निघाली. गेल्या वर्षी त्यांनीच मला गेटवर अडवलं होतं, "मॅडम, सायकल आत नाही चालणार." मी फोटो दाखवला तर ते आधी ओशाळले, मग चष्मा वर करून नीट बघत म्हणाले, "तुम्ही लावणार असाल तर डावीकडून चौथ्या गजाला लावा. बाकीचे सगळे हलतात."