शेल्टरवाले कुत्रं परत का सोडतात? थोडी पार्श्वभूमी

बडोद्यात भटक्या जनावरांच्या शेल्टरबद्दल एक ठरलेली तक्रार ऐकू येते. गाडी आली, कुत्री उचलून नेली, सगळ्यांना बरं वाटलं, आणि आठवड्याभरात तीच कुत्री कान कातरून परत सोसायटीच्या गेटवर हजर. मग ग्रुपवर सुरू, शेल्टर आहे तर ठेवून का घेत नाहीत, मग हे डोनेशन कशाचं मागतात वगैरे. दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यांत हे जितकं ऐकू येतं तितकंच गोत्रीच्या नव्या टॉवरांत. याचं कारण एका नियमात आहे आणि तो नियम कसा आला हे कळल्याशिवाय शेल्टरवाले दिवसभर काय करतात ते नीट समजत नाही, म्हणून हे लिहितोय. नसबंदी म्हणजे काय, रेबीज कसा होतो हे सगळ्यांना माहीत आहे असं धरतो.

जुनं आधी पटकन सांगून टाकतो. न मारता जनावर सांभाळायचं हे गुजरातेत कुणी बाहेरून आणलेलं खूळ नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी खंभातला आलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की इथे लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी दवाखाने आहेत, आणि खंभात आपल्यापासून काही लांब नाही. पांजरापोळ त्याच परंपरेतली, पैसा मुख्यतः जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचा आणि जनावरं मुख्यतः गाई-बैल-म्हशी. कुत्र्याच्या वाट्याला आला तो रोटला, आणि उत्तरायणाच्या सुमाराला गावोगाव पीठ-गूळ गोळा करून कुत्र्यांसाठी करतात ते लाडू. आपण मराठी लोक गरुडेश्वरला जाऊन येतो, घरात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी बसलेली असतात, आणि दारातल्या पाचव्याला मात्र हाड. असो.

कुत्री मारण्याचं सरकारी काम इंग्रजी अमलात जोरात सुरू झालं. मुंबईत त्यासाठी पोलिसांना बक्षीस असायचं, जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, दुकानं बंद पडली, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, एका पारशी आणि एका जैन शेठजींनी पुढाकार घेऊन तिथली पांजरापोळ उभी केली. नंतरची दीडशे वर्षं मात्र बहुतेक शहरांत धोरण एकच, पकडा आणि मारा. विषाचे गोळे, मद्रासकडे विजेचा शॉक. लोकांनाही त्यात फार काही वाटत नसे कारण तेव्हा चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस अगदी २००४-०५ पर्यंत आपल्या देशात चालू होती. ज्याने ती चौदा घेतलीत त्याच्याशी भूतदयेवर वाद घालून बघा!

१९६० मध्ये प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याविरुद्धचा कायदा आला. आता गंमत बघा, याच कायद्यात एका कलमात भटक्या कुत्र्याच्या हृदयात स्ट्रिकनिनचं इंजेक्शन देऊन मारणं हा गुन्हा आहे (हे १९८२ च्या दुरुस्तीत आलं), आणि त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात 'लीथल चेंबर'मध्ये, म्हणजे मारण्यासाठीच्या बंद कोठडीत, भटकी कुत्री नष्ट करायला सूट आहे. शिवाय शहरांच्या स्वतःच्या कायद्यांत आयुक्तांना भटकी कुत्री मारायचे अधिकार वेगळेच. पुढची सगळी कोर्टबाजी या विसंगतीतून निघाली.

मारून उपयोग होत नाही हे आधी कळलं मद्रासला. तिथल्या एका संस्थेने १९६४ पासून नसबंदीचा आग्रह धरला होता, महापालिकेने तो मनावर घ्यायला १९९६ उजाडलं. मुंबईत १९९४ मध्ये मारणं थांबलं. दरम्यान १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही शहराला वर्षाला फार फार तर १५ टक्के कुत्री मारता आलीत, आणि तेवढी घट उरलेली कुत्री सहज भरून काढतात. गणित सोपं आहे, कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, वर्षातून दोनदा माजावर येते, आणि जागा रिकामी झाली, खायला मिळालं की एरवी मरणारी पिल्लंसुद्धा जगतात. भूतदयेचे लेख मी पुष्कळ वाचलेत, पण धोरण बदललं ते या आकड्यामुळे असं माझं मत आहे.

मग डिसेंबर २००१ मध्ये केंद्राचे नियम आले. पकडा, नसबंदीचं ऑपरेशन करा, रेबीजची लस टोचा, कानाला खूण करा, आणि जिथून उचललं तिथेच सोडा. सगळं भांडण या शेवटच्या अटीवर आहे आणि गेली पंचवीस वर्षं ते मिटलेलं नाही.

अट घालणाऱ्यांचं म्हणणं असं होतं. कुत्रं इलाका धरून राहतं. पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, पाच-सहा कुत्र्यांची टोळी असेल तर ती बाहेरच्याला आत येऊ देत नाही. ही पाच-सहा ऑपरेशन झालेली, लस दिलेली असतील तर ती जागा अडवून बसतात आणि पिल्लंही होत नाहीत, आणि इलाक्यातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते. तीच कुत्री उचलून लांब नेऊन ठेवली की उकिरडा तसाच, खाऊगल्लीचं उष्टं तसंच, मग शेजारच्या इलाक्यातून बिनलशीची, बिनऑपरेशनची नवी कुत्री येणार. म्हणजे शेल्टरने ठेवून घेणं हीच खरी चूक. शिवाय लांब दुसरीकडे नेऊन सोडलेलं कुत्रं तिथल्या टोळीशी भांडतं, घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. सोसायटीचे लोक वॉचमनला दोनशे रुपये देऊन टेम्पोतून शहराबाहेर वाघोडियाकडे कुत्री सोडून येतात ना, त्याचा त्रास तिथले लोक भोगतात.

विरुद्ध बाजू म्हणते हे कागदावर छान आहे. लस दिलेलं कुत्रंसुद्धा चावतं, पहाटे सायकलवरून दूध टाकणाऱ्याच्या मागे लागतं, म्हाताऱ्या माणसाला पाडतं, आणि हाड मोडलेल्या माणसाला ७० टक्क्यांचं गणित काय सांगणार. यात तथ्य आहेच. पण मला विचाराल तर अट फसली त्यापेक्षा ती नीट राबवलीच गेली नाही. ऑपरेशनचे पैसे प्रति कुत्रा मिळतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी ठेकेदार आज या भागातली चार सोपी कुत्री उचलणार, उद्या त्या भागातली तीन, आणि हुशार माद्या ज्या गाडीचा आवाज ऐकून पळतात त्या वर्षानुवर्षं विणार. कुठलाही एक मोहल्ला पूर्ण होत नाही आणि पूर्ण झाला नाही तर केलेलं सगळं पाण्यात. हिशोब खरा आहे का बघायला काढलेले अवयव बरणीत जपून ठेवायचे आणि समितीने येऊन मोजायचे अशी पद्धत आहे, यावरूनच विश्वास किती ते समजा. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री दीड कोटीच्या वर निघाली, २०१२ मध्ये ती १.७ कोटी होती. कमी झाली म्हणायची तर झाली, पण गल्लीत उभ्या माणसाला तो फरक दिसत नाही.

आता 'नो-किल', म्हणजे जनावर न मारणारं शेल्टर, या बिरुदाबद्दल थोडं. अमेरिकेत ते १९९० च्या दशकात चाललं, १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शहराने आणि तिथल्या संस्थेने मिळून ठरवलं की घर मिळू शकणारं जनावर मारायचं नाही, आणि आलेल्या जनावरांपैकी ९० टक्के जिवंत बाहेर गेली तर शेल्टर नो-किल म्हणायचं असा दंडक पडला. तिथे परत रस्त्यावर सोडायची सोयच नसते. आपल्याकडे निरोगी कुत्रं मारायला नियमच परवानगी देत नाही, म्हणजे पाटी लावा न लावा, बेकायदा काम न करणारं प्रत्येक शेल्टर नो-किलच. फक्त बरं होणारच नाही अशा आजाराचं किंवा मरणप्राय जखमी जनावर पेंटोबार्बिटलने शांतपणे झोपवायला मुभा आहे, आणि रेबीजचा संशय असलेलं वेगळं ठेवतात, खरंच रेबीज असेल तर ते साधारण दहा दिवसांत आपणच जातं. पाटीच्या मोहापायी काही ठिकाणी येईल ते घेतात, एका पिंजऱ्यात पाच पाच कोंबतात आणि मग पार्व्हो हा पिल्लांचा साथीचा रोग शिरला की पिल्लं पटापट जातात. त्याला न मारणं म्हणायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग शेल्टर करतं काय? एका वाक्यात सांगायचं तर ते हॉस्पिटल आहे ज्याला लोक अनाथाश्रम समजतात. हायवेवर गाडीने उडवलेली, पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेली, खरजेने केस गेलेली, लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या गाठीची, ज्यांना आठवड्याला एक असं केमोचं इंजेक्शन द्यावं लागतं, हे सगळं येतं, बरं होतं आणि परत जातं. आंधळी, मागचे पाय गेलेली, मालकांनी घर बदलताना सोडलेली लॅब्रॅडोर-पग वगैरे तेवढी कायमची राहतात. ऑपरेशनची कुत्री चार-पाच दिवस, टाके सुकेपर्यंत. पकडायला जाळी किंवा हात, चिमटे आणि तारेचे फास २०२३ च्या नियमांनी सरळ बंद केलेत. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि दूध पाजणारी आई ऑपरेशनला उचलायची नाही. म्हणून 'पिल्लं झालीत, घेऊन जा' या फोनला शेल्टर नाही म्हणतं आणि शिव्या खातं.

बडोद्याची स्वतःची भर वेगळी. जानेवारीत उत्तरायणाला शेल्टरचं अर्धं अंगण पक्ष्यांचं होतं, मांज्याने पंख कापलेली कबुतरं, घारी, करकोचे. २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी आली, त्याच वर्षी जखमी पक्ष्यांसाठी सरकारचं करुणा अभियान आणि १९६२ नंबरची जनावरांची ॲम्ब्युलन्सही सुरू झाली, त्यामुळे शेल्टरांवरचा भार थोडा वाटला गेला, पण छतावरच्या चक्रीत मांजा कुठला हे कोण तपासणार. पावसाळ्यात विश्वामित्री चढली की मगरींचे फोन, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्या. मगर वन्यजीव कायद्यात येते, ती वनखात्याच्या परवानगीनेच धरायची, पण फोन मात्र लोक ज्याचा नंबर सेव्ह आहे त्यालाच करतात. आणि गाई. २०२२ मध्ये सरकारने शहरातल्या मोकाट ढोरांसाठी विधेयक पास केलं, गुरं पाळणारा मालधारी समाज चिडला, सप्टेंबरमध्ये ते मागे घेतलं, आणि त्याच महिन्यात बनासकांठाकडच्या पांजरापोळांनी जाहीर झालेलं ५०० कोटींचं अनुदान मिळालं नाही म्हणून गाई रस्त्यावर सोडल्या. सांभाळायची जबाबदारी घेतली की खर्च संपत नाही हे पांजरापोळवाल्यांनी तेव्हा सगळ्यांना दाखवलं, कुत्र्यांच्या वादात ते कुणी आठवत नाही.

कोर्टाचा प्रवास थोडक्यात. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने बहुमताने ठरवलं की उपद्रवी कुत्री मारायचा महापालिकेचा अधिकार शाबूत आहे, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. २०१५ मध्ये अंतरिम आदेश, नियमांच्या बाहेर जाऊन मारायचं नाही. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठ म्हणालं ज्यांना खायला घालायचंय त्यांनी कुत्री घरी न्यावीत, त्यालाही वरून ब्रेक. २०२३ चे नवे नियम आले, त्यात खायला घालायच्या जागा सोसायटीने ठरवून द्यायच्या असं आलं, परत सोडायची अट कायम. मे २०२४ मध्ये जुना खटला सुप्रीम कोर्टाने बंद केला, सरसकट मारता येणार नाही असं बजावून.

वाटलं संपलं. मग ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचला, शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका असा आदेश दिला. देशभर गदारोळ. अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींनी तो बदलला, रेबीजवाली आणि आक्रमक सोडून बाकीची ऑपरेशन-लस करून जागच्या जागी सोडा, आणि विषय सगळ्या राज्यांना लागू केला. ७ नोव्हेंबरला पुन्हा नवीन, शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री काढा आणि तिथे परत सोडू नका. म्हणजे २००१ ची अट गल्लीसाठी आहे, कॉलेजच्या कॅम्पससाठी नाही.

शेल्टरसाठी याचा अर्थ साधा आहे. आत्तापर्यंत एका पिंजऱ्यातून महिन्याला पाच-सहा कुत्री ऑपरेशन होऊन बाहेर पडायची. त्याच पिंजऱ्यात युनिव्हर्सिटीच्या आवारातलं एक निरोगी तीन वर्षांचं कुत्रं बसलं की ते पुढची सात-आठ वर्षं तिथेच, आणि तेवढी ऑपरेशनं कमी. त्यासाठी नवीन जागा कुठे, जेवणाचा खर्च आणि रोजच्या माणसाचा पगार कोण देणार, यावर महापालिका संस्थांकडे बघते आणि संस्था महापालिकेकडे. तोवर ऑपरेशनची यादी लांबतेय आणि हिवाळ्यातली पिल्लं चालायला लागलीत.