वाहन देखभालीची व संरक्षणाची साधने

मोटारगाडी किंवा दुचाकी नीट चालत राहावी, तिच्यातला बिघाड वेळेत कळावा आणि पाऊस, गंज, उंदीर व चोरी यांपासून ती जपली जावी, यासाठी मालकाने स्वतःजवळ बाळगायची अवजारे व उपकरणे. गॅरेजातले लिफ्ट, अलाइनमेंट यंत्र, मोठे कॉम्प्रेसर यांचा विचार या नोंदीत केलेला नाही. डिकीत, सीटखाली किंवा घरातल्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत मावेल एवढीच सामग्री येथे अभिप्रेत आहे. या साधनांचे ढोबळमानाने तीन गट पडतात : मोजणारी, खोलणारी-आवळणारी आणि जपणारी. दुकानात गेल्यावर डोळ्यांत भरतात ती दुसऱ्या व तिसऱ्या गटातली. गाडीचे आयुष्य मात्र बऱ्याच अंशी पहिल्या गटावर अवलंबून असते, कारण हवा कमी होणे, बॅटरी उतरणे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आटणे हे सगळे हळूहळू घडते आणि मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

हवेचा दाब व टायर : एकच साधन घ्यायचे असेल तर ते दाबमापक. साधा पेनाच्या आकाराचा, तबकडीचा किंवा डिजिटल, कोणताही चालतो. टायरचा दाब आपल्याकडे पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) सांगतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. गाडीला किती हवा हवी हे टायरवर छापलेले नसते. टायरच्या कडेवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते. गाडीसाठीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये सापडतो, आणि तोही थंड टायरचा असतो. पेट्रोल पंपापर्यंत दहा किलोमीटर गाडी चालवत नेऊन तिथे मोजलेला दाब वाढलेला दिसतो, आणि ‘हवा जास्त झाली’ म्हणून ती सोडून दिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर प्रत्यक्षात कमी हवेवर उभा असतो. तापमानात पाच-सहा अंश सेल्सिअसचा फरक पडला की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो. त्यामुळे मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरणे स्वाभाविक आहे. म्हणूनच स्वतःचा दाबमापक हवा, आणि तो सकाळी, गाडी जागची हलवण्याआधी लावायला हवा. कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त हवेचा मधोमध. कमी हवेत कडेची भिंत सतत दुमडून तापते. उन्हाळ्यात महामार्गावर सलग वेगात जाताना टायर फुटण्यामागचे हे एक प्रमुख कारण आहे.

ज्या व्हॉल्व्हमधून ही हवा भरतात तो न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांच्या कारखान्यातला. त्याचे पेटंट १८९३ सालचे आहे आणि मूळ रचना आजही तशीच आहे. आतली पिन कधीकधी सैल होते आणि हवा झिरपत राहते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहण्याची पंक्चरवाल्याची युक्ती येथे कोणत्याही उपकरणाइतकी खात्रीची आहे. टोपण हरवले तर लगेच नवे लावावे, कारण त्याचे काम धूळ आणि पाणी पिनेपर्यंत जाऊ न देण्याचे असते.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर आता सहज मिळतो. त्याच्या जोडीला ट्यूबलेस टायरसाठी पंक्चर किट ठेवावे : छिद्र खरवडायची खरखरीत सुई, पट्टी ओवायची नेढे असलेली सुई, रबरी पट्ट्या आणि चिकटद्रव्य. खिळा उपसून छिद्र खरवडायचे, पट्टी आत ढकलायची, सुई झटक्यात मागे ओढायची आणि बाहेर राहिलेले टोक कापायचे. हे फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला लागू आहे. कडेच्या भिंतीत भोक पडले असेल तर पट्टी भरून पुढे जाणे धोक्याचे. तिथे टायरच बदलावा लागतो. खाचांची खोली मोजायला वेगळा मापक मिळतो, पण खाचेच्या तळाशी असलेले झीजदर्शक उंचवटे पाहिले तरी भागते. ते पृष्ठभागाच्या पातळीत आले की खोली १.६ मिलिमीटरवर आलेली असते आणि पहिल्या पावसाच्या आधी टायर बदलायला हवेत.

स्टेपनी व जॅक : जादा चाकाला मराठीत ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातून आला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. रस्त्यात पंक्चर झाले की तिथेच बसून टायर उतरवावा लागे. लानेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आऱ्या नसलेली, टायर चढवलेली एक कडी बनवली. ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून जखडून गाडी पुढे नेता येई. पुढे पूर्ण चाकच बदलण्याची पद्धत आली आणि ती कडी कालबाह्य झाली, पण रस्त्याच्या नावावरून पडलेले तिचे नाव भारतातल्या प्रत्येक टायरच्या दुकानात अजून रोज उच्चारले जाते. टायरदाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट दिलेले असेल तर मोटारीला स्टेपनीची सक्ती नाही, अशी दुरुस्ती २०२० मध्ये भारतीय नियमांत झाली. ज्या नव्या गाड्यांत चाकाच्या जागी किट मिळते, त्यांच्या मालकांनी ते घरच्या अंगणात एकदा वापरून पाहावे.

गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. तो सपाट, टणक जमिनीवर, मॅन्युअलने दाखवलेल्या खाचेतच लावायचा. मातीत किंवा पावसाने भिजलेल्या साइडपट्टीवर त्याखाली जाड फळीचा तुकडा ठेवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. खाली काम करायचे असेल तर दोन्ही बाजूंना घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावून गाडीचा भार तिच्यावर घ्यायचा. ज्या चाकाला हात लावायचा नाही त्याच्यामागे लाकडी ठोकळा किंवा दगड अडवायचा आणि नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करून घ्यायचे.

चाकाचे नट आवळताना जवळपास प्रत्येक जण चुकतो. लहान मोटारींना साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या दांड्यावर सुमारे २० किलोचा जोर. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटरच्या पान्यावर पाय देऊन उभा राहिला की २७० न्यूटन-मीटरहून अधिक पीळ बसतो. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, आटे खराब होतात आणि पुढच्या वेळी तो नट रस्त्याच्या कडेला सुटत नाही. ठरलेल्या पिळावर ‘टक’ असा आवाज देणारा टॉर्क पाना महाग वाटतो, पण घरी चाके काढणाऱ्याने तो घ्यावाच. नट एकामागोमाग एक न आवळता समोरासमोरच्या जोडीने आवळायचे आणि शे-पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

पाने : दुतोंडी पाने आपल्याकडे जोडीच्या आकड्यांनी ओळखले जातात : दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा. आकडा मिलिमीटरचा असतो आणि तो नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगतो, बोल्टची जाडी नव्हे. ६ मिलिमीटरच्या बोल्टचे डोके बहुधा दहाच्या पान्याने सुटते. उघड्या तोंडाचा, म्हणजे फिक्स, पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि घट्ट नटाची टोके गोल करून टाकतो. म्हणून पहिला जोर नेहमी रिंग पान्याने किंवा गोटीने (सॉकेटने) द्यावा आणि नट ढिला झाल्यावर फिक्स पाना वापरावा. स्क्रू पाना, म्हणजे जबडा कमी-जास्त होणारा, हा १८९० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या युहान पेटर युहानसन यांनी आजच्या रूपाला आणला. गाडीच्या कामात तो शेवटचा पर्याय असावा.

दुचाकीच्या मालकाला एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जपानी रचनेच्या इंजिनांवरचे चौफुली स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच जपानी मानकाची असते. फिलिप्सचे टोक त्यात पूर्ण बसत नाही, घसरते आणि खाच खाऊन टाकते. मग छिन्नी-हातोडी आली. त्या मानकाचा एक स्क्रू ड्रायव्हर घेतला की ही कटकट मिटते.

पान्यांची खरेदी पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर करण्याची जुनी वहिवाट आहे. नाशिकजवळच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतले टपारियाचे पाने राज्यभरातल्या गॅरेजांत दिसतात. खंडेनवमीला गॅरेजात हेच पाने घासूनपुसून, ओळीने मांडून, झेंडू वाहून पुजले जातात. वर्षातून एकदा तरी प्रत्येक अवजार पुसले जाते, त्याला तेलाचे बोट लागते आणि हरवलेले कोणते हेही कळते, हा त्या पूजेचा व्यावहारिक लाभ.

गंजलेल्या नटासाठी भेदक तेलाचा फवारा ठेवावा. यातला सर्वांत परिचित म्हणजे डब्ल्यूडी-४०. तो १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तयार झाला. नावातले ४० हे चाळीसाव्या प्रयोगाचे. पाणी हटवणे हे त्याचे मूळ काम. दुचाकीच्या साखळीला वंगण म्हणून तोच मारत राहिल्यास साखळी लवकरच कोरडी पडते. साखळीला तिचे स्वतःचे चेन ल्यूब किंवा गियर ऑइल लागते.

बॅटरी : साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली, १२.० च्या आसपास आला तर जवळजवळ उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राकडे) किंवा त्याच्या पट्ट्याकडे असतो आणि नवी बॅटरी घालूनही उपयोग होत नाही. या एका मोजणीने हजारो रुपयांचा चुकीचा खर्च टळू शकतो. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. बॅटरी काढताना आधी ऋण टोक, बसवताना ते शेवटी. उलट केल्यास पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते.

जंपर केबल लावताना लाल वायर धन टोकाकडून धन टोकाकडे, काळी चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे तोंड बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडतात. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, म्हणून हे अंतर. टोकांची अदलाबदल झाल्यास गाडीचा संगणक जळू शकतो.

बिघाड-वाचक : डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की पूर्वी गॅरेज गाठण्यावाचून इलाज नसे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सोळा पिनांचे निदान-सॉकेट सक्तीचे झाले. भारतातल्या आजच्या मोटारींतही ते स्टीअरिंगच्या खाली असते. त्यात अंगठ्याएवढे ब्लूटूथ उपकरण बसवून मोबाइलवर बिघाडाचा संकेतांक वाचता येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. संकेतांक लक्षण सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. ज्वलन चुकण्यामागे स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा नुसती सैल वायरही असू शकते. तरीही मालकाला तो क्रमांक आधी ठाऊक असला की मेकॅनिकशी बोलणे बरोबरीच्या पातळीवर होते. दुचाकींचे सॉकेट वेगळे असल्याने त्यांना जोड-केबल लागते.

पाऊस, पूर व गंज : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बंद मोटारींत अडकून माणसे दगावली. विजेवर चालणाऱ्या काचा व कुलुपे पाण्यात दगा देतात, हे त्या दिवशी शहराला कळले. काच फोडण्याची हातोडी, तिच्याच मुठीत बसवलेली पट्टा कापण्याची पात, हे दोनशे-तीनशे रुपयांचे साधन प्रत्येक मोटारीत असले पाहिजे. ते ड्रायव्हरच्या हाताशी हवे, डिकीत नको. मार बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर द्यायचा. समोरची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घालून जोडलेली असल्याने तिला तडे जातात, पण ती निखळत नाही. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, तेव्हा आपल्या काचेवरचा शिक्का आधीच वाचून ठेवावा. सीटवरच्या डोके टेकायच्या उशीचे दांडे काच फोडण्यासाठीच दिलेले असतात ही समजूत चुकीची आहे. ते उशीची उंची बदलण्यासाठी असतात.

पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची. त्यासाठी टो-दोरी आणि तिचा हूक डिकीत असू द्यावा. बऱ्याच मोटारींत हा हूक स्टेपनीजवळ ठेवलेला असतो आणि बंपरमधल्या झाकणाआड फिरवून बसतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून गाडीचा तळ खातात. गंजरोधक लेप पावसाआधी, तळ धुऊन पूर्ण वाळवल्यावरच मारावा. ओल्यावर मारलेला लेप गंज आतच कोंडतो. ओल्या गाडीवर घातलेले कव्हरही तेच करते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात. ती काडीने मोकळी ठेवणे हे बिनखर्चाचे काम कित्येक महागड्या कोटिंगांहून उपयोगी पडते.

उंदीर : पावसाळ्यात उंदीर ऊब आणि कोरडी जागा शोधत इंजिनाच्या खणात येतात आणि सतत वाढणारे दात झिजवण्यासाठी वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने बोनेटखाली बांधण्याचा उपाय महाराष्ट्रभर केला जातो. वासाने काही दिवस फरक पडतो, पण वास उडाला की पाने बदलावी लागतात. हवेच्या मार्गांना बारीक तारेची जाळी बसवणे अधिक टिकाऊ. गाडी आठवडाभर न हलवता उभी ठेवू नये आणि कचराकुंडीशेजारी लावू नये.

चोरी : दुचाकीला डिस्क लॉक, मोटारीला स्टीअरिंग लॉक ही डोळ्यांना दिसणारी कुलुपे चोराला दुसरीकडे वळवतात. दडवलेला जीपीएस ट्रॅकर चोरीनंतर उपयोगी पडतो. डिस्क लॉक काढायचे विसरून गाडी पुढे घेतल्यास चालक पडतो, म्हणून त्याला हँडलपर्यंत ताणलेली भडक रंगाची आठवण-दोरी लावावी.

विजेवरच्या गाड्या : यांत इंजिन ऑइल, स्पार्क प्लग व त्यांची अवजारे लागत नाहीत. टायर, ब्रेक, वायपर आणि काचेची हातोडी यांची गरज तशीच राहते. बॅटरीच्या वजनामुळे टायरच्या दाबाकडे तर अधिकच लक्ष द्यावे लागते. विजेवरच्या मोटारींतही दिवे, कुलुपे व संगणक चालवणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. मल्टिमीटर तिथेही उपयोगी पडतो. नारिंगी आवरणाच्या जाड केबल उच्च व्होल्टेजच्या असतात. त्यांना मालकाने हात लावू नये.