ड्राफ्टमधली निवड पटवून देणं

फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची आणि ते खऱ्या मॅचमधे जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट, आणि ड्राफ्ट म्हणजे ते खेळाडू मित्रांनी पाळीपाळीने निवडायचे. फॅन्टसी ड्राफ्टमधे आपला नंबर आला की खेळाडूचं नाव घ्यायचं आणि तोच का, अन् आत्ताच का, हे बाकीच्यांना सांगायचं, म्हणजे निवड पटवून देणं. खान्देशात, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे, आयपीएलच्या तोंडावर मित्रामित्रांचे ड्राफ्ट होतात तिथे नाव घेतल्या घेतल्या समोरून येतं, "हाऊ काबर लिधा रे भो?", म्हणजे हा का घेतला रे भाऊ? उत्तर द्यायलाच पाहिजे असा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण उत्तर दिल्याशिवाय पुढच्याचा नंबर लागत नाही.

ॲपवरच्या टीमला हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि त्याला कारण आहे. ॲपवर तुम्ही विराट घेतला तरी बाकी लाखो लोकांनाही तोच विराट घेता येतो, कुणाचं काही जात नाही. ड्राफ्टमधे एकदा नाव गेलं की ते सीझनभर बाकीच्यांना बंद. म्हणजे तुम्ही नुसतं घेत नाही, बाकी सगळ्यांच्या हातून काढून घेता, मग ते विचारणारच.

खेळ मूळचा अमेरिकेतला. तिथे १९६२ मधे ओकलंडच्या बिल विंकेनबाख यांनी काही मित्रांसोबत अमेरिकन फुटबॉलचा असा खेळ आखला, आणि १९८० मधे न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट यांच्या मित्रमंडळींनी बेसबॉलची रोटिसरी लीग सुरू केली, ज्या रेस्टॉरंटमधे ते जमायचे त्याच्या नावावरून हे नाव पडलं. त्यात प्रत्येकाला ठरावीक पैसे, आणि त्यातून खेळाडू बोली लावून घ्यायचे. आपल्याकडे हे आलं ते क्रिकेटमधून, २००८ ला आयपीएलचे लिलाव सुरू झाले तेव्हापासून टीम बनवणं हाही बघायचा खेळ झाला. लिलाव बऱ्याचदा हिवाळ्यात पडतो, म्हणजे आमच्याकडच्या भरीत पार्ट्यांच्या दिवसात, शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात आणि एकाच्या मोबाईलवर लिलाव चालू असतो, कुणाला किती कोटी गेले यावर भरीत तयार होईपर्यंत भांडण.

आता मुद्द्याचं. "चांगला प्लेअर आहे म्हणून घेतला" हे कारण नाही. पहिल्या पन्नास नावातले सगळेच चांगले असतात. कारण द्यायचं असतं ते त्या नंबरचं, की या वेळी, या नंबरला, बाकी कोण शिल्लक होतं आणि आत्ता सोडला असता तर पुढच्या वेळी काय हाती लागलं असतं. हे समजायला स्नेक ड्राफ्ट बघा, त्यात दर राउंडला क्रम उलटा होतो. आठ जण असतील तर पहिल्याला १, १६, १७, ३२, ३३ असे नंबर मिळतात आणि आठव्याला ८, ९, २४, २५. म्हणजे पहिला माणूस एक नाव घेतो आणि परत त्याची पाळी येईपर्यंत मधे चौदा नावं उडालेली असतात. समजा आत्ता शिल्लक असलेला सगळ्यात चांगला बॅट्समन मॅचला सरासरी ८० पॉइंट देतो आणि चौदा नावांनंतर मिळणारा ७०, पण ऑलराउंडर आत्ता ७२ चा आहे आणि नंतर मिळेल तो ४५ चा. आधी बॅट्समन घेतला तर ८० आणि ४५ मिळून १२५ होतात, आधी ऑलराउंडर घेतला तर ७२ आणि ७० मिळून १४२. कमी पॉइंटवाला आधी घेऊन टीम १७ ने पुढे. हे एवढं मांडता आलं की समोरचे गप्प होतात, निदान आमच्याकडे तरी होतात.

आमच्या ग्रुपात केळीचा व्यापार करणारा एक जण आहे, त्याला हे गणित कुणी शिकवलं नाही पण तोच सगळ्यात चांगलं पटवून देतो कारण त्याचं रोजचं काम तेच आहे. रावेर-यावलकडच्या बागेत उभं राहिल्यावर घड चांगला दिसतोय एवढं बघून भागत नाही, या भावात आज माल उचलला नाही तर परवा कुठल्या बागेतून काय मिळेल हे डोक्यात लागतं. सुरतला कामाला असलेला दुसरा मेंबर स्पीकर फोनवर असतो आणि तो कायम आवडत्या टीमचा माणूस घेतो, विचारलं तर म्हणतो "आपला माणूस शे". मला हे कारण चुकीचं वाटत नाही, मॅच बघताना मजा यावी म्हणून घेतला असं सरळ सांगितलं तर ते खरं कारण आहे. खोटं कारण म्हणजे आवडीने घ्यायचं आणि वर आकडे चिकटवायचे.

आणि कारण निकालाच्या आधी सांगितलेलं पाहिजे, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सीझन संपल्यावर सगळे शहाणे असतात. नोव्हेंबर २०२४ मधे जेद्दाच्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी दिले, आयपीएलमधली तोवरची सगळ्यात मोठी बोली. २०२४ च्या सीझनला त्याने ४४६ रन केले होते, कीपर, कॅप्टन, वरच्या नंबरला बॅटिंग, म्हणजे मार्च २०२५ ला ड्राफ्टमधे त्याला वर घेणाऱ्याचं कारण पक्कं होतं. मग सीझनभर बॅटच चालली नाही, एकूण २६९ रन आणि त्यातले ११८ एकाच, शेवटच्या मॅचमधे. घेणाऱ्याला मे महिन्यात सगळ्यांनी धरलं. पण निवड चुकली आणि कारण चुकलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षातून सुटलं की पुढच्या वर्षी तो माणूस भिऊन भिऊन ड्राफ्ट करतो.

म्हणून वही ठेवायची. राउंड, नंबर, नाव आणि पुढे एका ओळीत कारण, घेणाऱ्याच्याच शब्दात. आमच्या वहीत शेवभाजीच्या तेलाचे डाग आहेत, एका ठिकाणी कारणाऐवजी नुसतं "उमनं" लिहिलंय, म्हणजे आलं मनात घेतला, आणि ती ओळही राहू दिली आहे.

गावच्या टेनिस बॉल लीगमधे मात्र हे प्रकरण जड होतं. तिथेही लिलाव असतो, बोली पॉइंटांवर लागते, पण ज्याच्यावर बोली लागते तो पोरगा समोर खुर्चीवर बसलेला असतो, त्याचे काका-मामा मागे उभे असतात. फॅन्टसीतला बुमराह तुमचं कारण ऐकत नाही, हा ऐकतो. तिथे जाणता कॅप्टन कुणाला का घेतला हे मोठ्याने सांगतो आणि का घेतला नाही हे चारचौघात बोलत नाही, नंतर बाजूला घेऊन सांगतो की बाबा तुझी बॉलिंग आम्हाला लागत नव्हती, आमच्याकडे तीन होते. हे जमणारी माणसं कमी.

मधली काही वर्षं पटवून देणं जवळपास बंदच पडलं होतं कारण पैसे लावून ॲपवर खेळायचं आणि टेलिग्रामवर कुणीतरी दिलेली टीम जशीच्या तशी टाकायची असं झालं होतं, विचारलं तर कारण त्या चॅनलवाल्याला माहीत. ऑगस्ट २०२५ मधे संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन गेम बंद केले, फॅन्टसीचे पैशाचे कॉन्टेस्टही त्यात गेले. घरगुती ड्राफ्टला त्याने काही फरक पडला नाही, आमच्याकडे पैसा लावायचा नाही हे आधीपासूनच ठरलेलं.

सीझनच्या मधे अदलाबदल होते तेव्हा परत सगळं पटवून द्यावं लागतं, आणि आमच्याकडे ती होते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पोरीबाळी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, पुरुष मंडळी पत्ते घेऊन बसलेली असतात आणि तिथेच ट्रेडची बोलणी. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती आणि दोन दिवस आधी जयपूरला राजस्थानच्या वैभव सूर्यवंशीने गुजरातविरुद्ध ३५ बॉलमधे शतक ठोकलं होतं, चौदा वर्षांचा पोरगा. आमच्यातल्या एकाने त्याला शेवटच्या राउंडमधे घेतलं होतं, वहीत ओळ होती "खेळला तर लागेल, नाही खेळला तर या राउंडला काय जातंय". त्या दिवशी त्याला दोन चांगले बॉलर देऊ केले. त्याने पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, संजू सॅमसन जखमी आहे तोवर याची ओपनिंगची जागा पक्की आहे, आणि पॉवरप्ले खेळणारा दुसरा माझ्याकडे नाही, नाही देत. दुसऱ्या दिवशी, १ मेला, मुंबईविरुद्ध सूर्यवंशी दोन बॉल खेळून शून्यावर गेला. ट्रेड नाकारणाऱ्याने रात्री वही मागवून घेतली आणि आखाजीला सांगितलेलं कारण जुन्या ओळीखाली तारखेसकट लिहून ठेवलं.